वादळ समुद्रातच का विरतं? अंदाज बांधताना या चुका टाळा

‘पाण्यावर आहे तोवर वादळ वाढणारच, जमिनीला लागलं की मेलं.’ गोव्यातल्या मालिमच्या मच्छीमार जेटीवर हे कुणीही छातीठोक सांगेल. पण २०१९ च्या दिवाळीत आपल्याच किनाऱ्यासमोर वाढलेलं ‘क्यार’ आठवा. २७ ऑक्टोबरला ते महाचक्रीवादळ झालं, म्हणजे वारे ताशी २२२ किलोमीटरच्या वर. पुढे पश्चिमेला गेलं आणि जमिनीला न शिवताच अरबी समुद्रात विरलं.

पहिली चूक इथेच होते. समुद्र म्हणजे न संपणारं इंधन, असं आपण धरून चालतो. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, तेही नुसतं वरवरचं नव्हे, पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. उष्ण थर पातळ असला तर वादळाचे वारेच पाणी घुसळतात आणि खालचं गार पाणी वर येतं. एका जागी रेंगाळणारं वादळ असं स्वतःची चूल स्वतःच विझवतं. भरभर सरकणाऱ्याला पुढे ताजं गरम पाणी मिळत राहतं. म्हणून मोबाईलवरच्या नकाशात समुद्र लाल दिसला, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. तो रंग फक्त पृष्ठभागाचा असतो.

दुसरी चूक म्हणजे फक्त पाण्याकडे बघणं. मला तर वाटतं, अरबी समुद्रात निम्मा खेळ वरच्या हवेचा असतो. वादळ ही ढगांची उतरंड आहे. खालचा वारा एका दिशेला आणि दहा-बारा किलोमीटरवरचा वारा दुसऱ्या दिशेला जोरात वाहू लागला, की वरची मडकी सरकतात. उष्णता केंद्रावर साठत नाही, वादळाचा डोळा, म्हणजे मधली शांत जागा, मोडतो. त्यात अरबस्तानाकडची कोरडी हवा आत शिरली की थेंबांची वाफ होते. वाफ होताना उष्णता शोषली जाते, हवा गार होऊन खाली बसते आणि ढगांची वाढ खुंटते. पाणी कितीही गरम असो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. वादळ लांब आहे किंवा क्षीण झालं, म्हणून होडी लोटणं. वारा पडला तरी त्याने उठवलेली लाट शेकडो किलोमीटर चालत येते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात होतं. त्यात पौर्णिमेची भरती. उत्तर गोव्यात पाणी थेट शॅकांमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींमध्ये, घुसलं, खुर्च्या-टेबलं वाहून गेली. तेच ओखी गुजरातला पोचेपर्यंत साधं कमी दाबाचं क्षेत्र होऊन संपलं.

तेव्हा बातमीत ‘वादळ कमजोर’ ऐकलं, तर वाऱ्याचा इशारा आणि लाटांचा इशारा वेगवेगळे वाचा. भरतीची वेळ बघा. आणि मुरगाव बंदरावरचा धोक्याचा बावटा उतरला का, तेही विचारा.