ईमेल प्रोग्राममध्ये प्रमाणपत्राचा इशारा वारंवार येत असेल तर

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये सुरक्षा प्रमाणपत्राचा (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याचा) इशारा आल्यावर अनेकजण अपवादाला मंजुरी देऊन, म्हणजे इशारा असूनही ते प्रमाणपत्र चालवून घेऊन, मोकळे होतात आणि काही आठवड्यांनी तीच चौकट पुन्हा उघडते. याचे कारण असे की, दिलेला अपवाद त्या एका प्रमाणपत्रापुरताच असतो. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रे 90 दिवसांची असल्याने सर्व्हरवर नवे प्रमाणपत्र बसले की जुना अपवाद निरुपयोगी ठरतो. शिवाय मंजुरी देताच साठवलेला पासवर्ड ज्या सर्व्हरकडे जातो, तो खरोखर आपलाच आहे याची हमी कोणीच दिलेली नसते. म्हणून आधी प्रमाणपत्र उघडून त्यावरील नाव, ते देणारी संस्था आणि मुदत या तीन गोष्टी वाचाव्यात.

सर्वाधिक घोळ नावाचा असतो. स्वतःचे डोमेन शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक ग्राहकांच्या सामाईक सर्व्हरवर असेल, तर खात्यात आपण ‘मेल’ या शब्दापुढे आपले डोमेन जोडून सर्व्हरचे नाव लिहितो. मात्र प्रमाणपत्र बहुधा होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचे असते. ही दोन्ही नावे जुळल्याशिवाय इशारा थांबत नाही. कंपनीच्या नियंत्रण पॅनेलमध्ये मेलसाठी दिलेले नाव पाहून तेच खात्यात भरावे. इशाऱ्याच्या चौकटीत दिसलेले नाव मात्र खातरजमा न करता उचलू नये. थंडरबर्डमध्ये जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरची नोंद खात्यांच्या यादीच्या तळाशी वेगळी असते आणि नेमकी तीच बदलायची राहून जाते, त्यामुळे मेल येते खरी, पण पाठवताना इशारा कायम राहतो. कनेक्शनची सुरक्षा बंद करणे हा यावरचा उपाय मुळीच नव्हे.

प्रमाणपत्र देणारा म्हणून अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर तो मेल तपासण्यासाठी मध्ये स्वतःचे प्रमाणपत्र घालत आहे असे समजावे आणि त्यातील एनक्रिप्टेड मेल तपासणीचा पर्याय तेवढा बंद करावा.

मुदत संपलेली किंवा अजून सुरूच न झालेली दिसत असेल, तर प्रथम संगणकाची तारीख पाहावी. जुन्या संगणकातील मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि चांगले प्रमाणपत्रही अवैध दिसते. तारीख बरोबर असेल, तर दोष सर्व्हरचा आहे. प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले, तरी सर्व्हरवरील मेल सेवा रीलोड होईपर्यंत, म्हणजे ते नव्याने वाचेपर्यंत, ती जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहू शकते. वेबसाइट मात्र नव्या प्रमाणपत्रावर व्यवस्थित उघडते आणि होस्टिंग कंपनीकडून ‘आमच्याकडे सर्व ठीक आहे’ असे उत्तर मिळते. अशा वेळी सर्व्हरचे नाव, पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक; येणाऱ्या मेलसाठी 993 किंवा जाणाऱ्या मेलसाठी 465 यांपैकी जो असेल तो) आणि दिसणारी अंतिम तारीख लिहून तक्रार करावी, म्हणजे तपासणी वेबसाइटपाशीच थांबत नाही.

दुरुस्ती झाल्यावर सेटिंग्जमधील गोपनीयता व सुरक्षा विभागात प्रमाणपत्रांची यादी उघडावी आणि सर्व्हर या टॅबमधील जुने अपवाद काढून टाकावेत.