तळ्याकाठचं पार्किंग आखताना : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

खान्देशात रस्त्यावर पट्टे मारणारी माणसं काही कमी नाहीत. हायवेचं काम निघालं की थर्मोप्लास्टची, म्हणजे वितळवून मारायच्या पट्ट्याच्या मालाची, भट्टी घेऊन चार-सहा जणांची टोळी लगेच हजर. पण तलावाकाठी, बोटिंगच्या धक्क्यापाशी पार्किंग आखायचं म्हटलं की यातलेच लोक अडखळतात. रस्त्यावर रेघ कुठून कुठे जायची हे आधीच ठरलेलं असतं. तळ्याकाठी ते तुम्हाला ठरवावं लागतं, आणि तिथे येणारी वाहनंही काही एका जातीची नसतात. मेहरूण असो, धुळ्याचा नकाणे असो किंवा तोरणमाळचा यशवंत तलाव, रविवारी संध्याकाळी जाऊन उभे राहा. शंभरात साठ-सत्तर तर दुचाक्याच दिसतील. मग काळी-पिवळी, मिनीबस, शाळेची सहल, मच्छीमार सोसायटीचा ट्रॅक्टर आणि त्याच्या ट्रॉलीत उलटी घातलेली फायबरची होडी. नकाशावर मात्र सगळीकडे मोटारीचेच चौकोन काढलेले असतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं : रंगाचा डबा उघडायच्या आधी एक रविवार नुसता बघण्यात घालवा. गाड्या कुठून शिरतात, कुठे अडतात, होडी पाण्यात सोडताना ट्रॅक्टर किती मागे घ्यावा लागतो, भेळवाल्याची गाडी कुठे लागते, सगळं टिपून घ्या. भेळवाला पट्टे बघून हलणार नाही. पट्टे त्याला बघून मारायचे.

मापं साधी आहेत. मोटारीची जागा अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर. व्हीलचेअरवाल्यांसाठी रुंदी 3.6 मीटर लागते, आणि ती जागा धक्क्याकडे जाणाऱ्या रॅम्पला लागूनच हवी, उरलेल्या कोपऱ्यात नव्हे. समोरासमोर दोन्ही बाजूंनी सरळ गाड्या लागणार असतील तर मधली वाट सहा मीटर सोडा. रेघेची रुंदी दहा सेंटीमीटर.

होडीची गाडी हा वेगळा विषय आहे. अमेरिकेत लोक स्वतःची बोट गाडीमागे ट्रेलरला बांधून तळ्यावर आणतात, म्हणून तिकडे गाडी आणि ट्रेलर मिळून दहा फूट रुंद, चाळीस फूट लांब अशी जागा आखतात. तीही तिरकी आणि दोन्हीकडून मोकळी. एकीकडून शिरायचं, दुसरीकडून निघायचं, ट्रेलर रिव्हर्स घ्यायची भानगडच नाही. आपल्याकडे ट्रेलर क्वचित दिसतो, पण ट्रॉलीचा त्रास अगदी तोच. ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेताना हँडल एकीकडे आणि ट्रॉली भलतीकडे जाते, हे गावाकडच्या पोराला सांगायला नको. तेव्हा दोन-तीन तरी जागा आरपार ठेवा. लांबी पुस्तकातून घेऊ नका, सोसायटीचा ट्रॅक्टर उभा करून टेप लावा आणि वर दीड-दोन मीटर सोडा.

तिरकी आखणी करताना नवे लोक हमखास एका हिशोबात फसतात. 45 अंशात गाडी लावायची म्हटलं की त्यांना वाटतं, रांगेत जास्त गाड्या बसतील. उलट आहे. अडीच मीटरची जागा 45 अंशात वळवली की कडेने मोजताना ती साडेतीन मीटरच्या थोडी वरच जाते. म्हणजे पस्तीस मीटरच्या कडेला सरळ चौदा गाड्या बसतात, तिरक्या जेमतेम नऊ. फायदा मिळतो तो मधल्या वाटेत. ती एकेरी ठेवली तर बरीच अरुंद चालते. धरणाच्या भिंतीखालची लांबुळकी पट्टी असेल तर तिरकं घ्या, मोकळं मैदान असेल तर सरळ.

आता प्रत्यक्ष आखणी. गवंड्याचा गुण्या इथे पुरत नाही, हात-दीड हाताच्या गुण्याने काढलेला कोन पन्नास मीटरवर जाऊन कुठल्या कुठे निघतो. तीन-चार-पाचचा हिशोब मोठा करून वापरा : एका बाजूने सहा मीटर, दुसऱ्या बाजूने आठ, आणि तिरपं माप बरोबर दहा आलं की कोन गुण्यात. दोरी ताणताना वाऱ्याकडे लक्ष द्या. पाण्यावरून येणारा वारा लांब दोरीला पोट आणतो आणि रेघ धनुष्यासारखी होते. मध्ये दर दहा मीटरवर खिळा किंवा माणूस. दोरी बसली की सुताला निळी पूड लावून झटका द्यायचा. मी तर आधी सगळं पार्किंग फक्कीने आखून घेतो, शाळेच्या कबड्डीच्या मैदानासारखं. मग एखादी मिनीबस आत घालून फिरवतो. फक्की झाडूने पुसता येते, रंग पुसता येत नाही.

जत्रेचं काम आलं तर फक्कीवरच भागवायचं. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा असते, घोडेबाजार भरतो, तापीच्या काठची शेतंच पार्किंग होतात. काळ्या मातीवर कुठला रंग टिकणार? तिथे फक्की, खुंट्या आणि सुतळी. रोज पहाटे पुन्हा आखायची तयारी ठेवा आणि मजुरी दिवसावर ठरवा, चौरस मीटरवर नको.

काळी माती पक्क्या पार्किंगलाही सोडत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर नीट भराव न घालता पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर दोन पावसाळ्यांत रेघ जिन्यासारखी दिसते. पेव्हरवर मी शक्यतो रंग मारतच नाही. मालकाला सांगतो, रेघेच्या जागी वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवा, गवंडी अर्ध्या दिवसात बदलून देईल. आपलं काम कमी होतं, पण पुढच्या वर्षी तोच मालक बोलावतो.

पाणी कुठपर्यंत चढतं हे कागदावरून कळत नाही. धरणाच्या पाण्याची पातळी उन्हाळ्यात एक आणि भाद्रपदात दुसरी. शहाद्याकडच्या एका कामावर अभियंत्याने खालच्या पट्टीत वीस जागा दाखवल्या होत्या. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी वर न बघताच सांगितलं, "पानी उनं का हाई बठ्ठं बुडी जास." म्हणजे पाणी आलं की हे सगळं बुडतं. गोष्ट खरी होती, झुडपांच्या बुंध्यांवर गाळाची रेघ स्पष्ट दिसत होती. अशी रेघ शोधायची सवय लावून घ्या. तिच्या खाली पक्के पट्टे मारू नका, गाळाचा एक थर बसला की ते पैसे पाण्यात.

रंग की थर्मोप्लास्ट, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. छोट्या पार्किंगला साधा रोड मार्किंगचा रंग पुरतो, कारण तिथे चाकं रेघेवरून सारखी धावत नाहीत. प्रवेशाची वाट, बाण, थांबण्याची रेघ एवढ्यापुरतं थर्मोप्लास्ट घ्या. ते 180 ते 200 अंशांपर्यंत तापवतात, आणि तळ्याकाठी ओलं पोतं, ओलं फावडं भट्टीजवळ असणं म्हणजे संकट. वितळलेल्या मालात पाण्याचा थेंब पडला तरी उसळी येते. बूट, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या. उकडतंय म्हणून सवलत नाही. काँक्रीटवर थर्मोप्लास्ट मारायचं तर आधी प्रायमर लागतो, डांबरावर बहुतेक वेळा लागत नाही. पिवळा माल घेताना शिसं नसलेला मागा. जुन्या पिवळ्या मालात लेड क्रोमेट असायचं आणि तुम्ही पाण्याच्या काठावर काम करताय. ब्रश आणि थिनर तळ्यात धुणाऱ्याला तर मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही.

हवामानाचं बोलू. थंडीत तळ्याकाठी दव पडतं, पौषात सकाळी नऊपर्यंत डांबर वरून कोरडं दिसतं पण तळहात ठेवला की गार, किंचित चिकट ओल लागते. त्यावर मारलेला रंग पापुद्र्यासारखा निघतो. काँक्रीटसाठी खात्रीचा उपाय : हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळं पडलेलं असलं, तर आज काम नाही. उन्हाळ्यात उलटा त्रास. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या घरात गेला की डांबर मऊ पडतं, रंगावर वरवर साय धरते आणि आतला थिनर बाहेर येताना फोड काढतो. सहाला सुरू, दहाला बंद, मग थेट उन्हं उतरल्यावर. नव्या डांबरावर घाई केली तर थिनर डांबर विरघळवतो आणि पांढरी रेघ चहाच्या रंगाची होते. तीन-चार आठवडे जाऊ द्या. नव्या काँक्रीटला 28 दिवस तरी द्या आणि वरची सिमेंटची पूड तारेच्या ब्रशने काढा.

रात्री गाडीच्या दिव्याचा उजेड परत फेकून रेघ चमकवणारे काचेचे बारीक मणी सगळीकडे टाकायची गरज नाही. पण सूर्यास्त बघायला आलेले लोक अंधारातच निघतात, म्हणून बाहेरची वाट आणि पाण्याकडची कड यांवर टाका. थर्मोप्लास्टवर चौरस मीटरला 250 ग्रॅम हे सरकारी कामातलं माप. रेघ गरम असतानाच पडले पाहिजेत, म्हणजे मणी अर्धा आत, अर्धा बाहेर बसतो. रात्री मोबाइलचा टॉर्च कानशिलाला लावून रेघेकडे बघा, उजेड परत डोळ्यांत आला तर मणी बसले.

होडी उतरते त्या उतारावर मात्र काहीही रंगवू नका. तो उतार साधारण 12 ते 15 टक्के असतो, काँक्रीटला मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, आणि त्यावर गुळगुळीत रंग बसला की ओल्या चपलेने माणूस थेट पाण्यात. उताराच्या वरच्या तोंडाशी पिवळ्या तिरक्या रेघांचा चौकोन काढा : इथे गाडी लावायची नाही. कोणी बुडालं तर रुग्णवाहिका आणि बचावाची बोट तिथूनच जाणार. पायी जायच्या पट्ट्यांवर ओल्या रंगातच चाळलेली कोरडी वाळू भुरभुरवा.

शेवटी पैशाचं, कारण तिथेच पोरं मार खातात. मोबदला रंगलेल्या क्षेत्रफळावर मिळतो, पार्किंगच्या नव्हे. वीस जागांची एक रांग घ्या : पाच मीटरच्या एकवीस रेघा, म्हणजे 105 मीटर, आणि तोंडाची आडवी रेघ 50 मीटर. एकूण 155 मीटर, दहा सेंटीमीटर रुंदीने साडेपंधरा चौरस मीटर. ओला थर 400 मायक्रॉन धरला तर सव्वासहा लिटर रंग, थर्मोप्लास्ट अडीच मिलिमीटर मारलं तर ढोबळमानाने 78 किलो माल. माल इतका थोडा असतो की खरा खर्च येण्याजाण्याचा, झाडण्याचा आणि आखण्याचाच होतो. तोरणमाळचा घाट चढून साडेपंधरा चौरस मीटरचं काम निव्वळ चौरस मीटरच्या दराने घेतलं तर डिझेलही सुटणार नाही. आखणीची रक्कम वेगळी लावा, नाहीतर दोन-तीन कामं एकत्र करून जा. सरकारी काम असेल तर मोजमाप पुस्तकात नोंद होताना स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभे राहा. एका ठिकाणी बाण आणि अक्षरं मोजायचीच राहून गेली आणि बिल तेवढं कमी निघालं; तेव्हापासून स्टेन्सिलचं क्षेत्रफळ मी स्टेन्सिलच्या पत्र्यावरच कोरून ठेवतो.