गाडीच्या आतलं प्लास्टिक घरी रंगवायचंय? आधी सिलिकोन काढा

डॅशबोर्डच्या कडा, डोअर पॅड, गिअरभोवतीचं कन्सोल, काचांच्या कडेच्या खांबांवरची आवरणं हे सगळं घरी रंगवता येतं, आणि नीट केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. टिकत नाही तेव्हा लोक रंगाला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा रंगाखालचा असतो: पृष्ठभागावर जुन्या पॉलिशमधलं सिलिकोन राहिलेलं असतं, किंवा प्लास्टिक कोणतं आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं. तरी सल्ले मिळतात ते छटेबद्दल आणि स्प्रेच्या ब्रँडबद्दल. ‘स्पिरिटने पुसा आणि मारा’ हा त्यातला सर्वांत वाईट. असं केलेलं काम पहिल्या दिवशी सुंदर दिसतं आणि काही महिन्यांत नखाने पापुद्रा निघतो.

काय रंगवू नये

एअरबॅगच्या झाकणांना हात लावू नका. स्टिअरिंगचा मधला भाग आणि पुढच्या प्रवाशासमोरचा डॅशबोर्ड ही तर सरळ उदाहरणं आहेत. पण खांबांच्या आवरणांवर किंवा सीटच्या कडेला एअरबॅगचं चिन्ह असेल तर तेही सोडून द्या. ही झाकणं ठरलेल्या रेषेवरच फाटावीत म्हणून तिथे प्लास्टिक मुद्दाम कमकुवत ठेवलेलं असतं. काही गाड्यांत ती रेष वरून दिसतही नाही. वर नवा थर चढवल्यावर झाकण कसं उघडेल आणि त्या थराचे तुकडे कुठे उडतील, याची हमी घरी कोणीच देऊ शकत नाही. ‘पातळ थर चालतो’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

डॅशबोर्डच्या वरच्या सपाट भागाला चकचकीत किंवा फिका रंग देऊ नका. उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसेनासा होतो. तिथे गडद आणि मॅटच हवा.

भाग काढणं

बॅटरीची ऋण तार सोडवा, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, आणि पिवळे कनेक्टर छेडू नका. ते सहसा एअरबॅगचे असतात. प्लास्टिकची पट्टी वापरून क्लिपा एकेक करून सोडवा, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. गाडीतच मास्किंग टेप लावून रंगवण्याचा मोह टाळा. स्प्रेची धूळ काचेवर, सीटवर, एसीच्या जाळ्यांत शिरते आणि भागांच्या कडा कधीच नीट रंगत नाहीत.

प्लास्टिक ओळखा

भाग उलटा करा. मागे दोन कोनी कंसांमध्ये ठसा असतो: एबीएस (एक कडक प्लास्टिक), पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण, पीपी, किंवा पीपीच्या पुढे ईपीडीएम (एक रबर) आणि टीडी २० असं काही. टीडी २० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची भुकटी आहे. तुम्हाला पाहायचं एवढंच, की ठशात पीपी आहे की नाही.

एबीएस रंगाला सहज धरतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, मेणचट असतं. त्याची पृष्ठऊर्जा फार कमी, त्यामुळे रंग त्यावर पसरायलाच तयार होत नाही, चिकटणं दूरच. कारखान्यात अशा भागांवर रंगाआधी ज्योत फिरवतात किंवा प्लाझ्माची प्रक्रिया करतात. घरी त्याऐवजी अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाची पकड वाढवणारा थर, वापरायचा. तो साध्या प्लास्टिक प्रायमरपेक्षा वेगळा असतो. डब्यावर पॉलिप्रोपिलीनचा किंवा टीपीओचा (पीपी आणि रबराच्या मिश्रणाचा) स्पष्ट उल्लेख असेल तोच घ्या. नुसतं ‘सर्व प्लास्टिकसाठी’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका.

स्वच्छता: इथेच काम बनतं किंवा बिघडतं

याच टप्प्याने मला सर्वांत जास्त छळलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

डॅशबोर्ड चमकवण्याच्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकोन तेल असतं. गाडीच्या आधीच्या मालकाने ते किती वर्षं फासलंय ते तुम्हाला माहीत नसतं. ते प्लास्टिकच्या दाणेदार नक्षीत खोलवर बसतं आणि रंगाला दूर ढकलतं. स्प्रे मारताच ओल्या रंगात गोल गोल खड्डे उघडतात आणि मध्ये जुनं प्लास्टिक डोळ्यासारखं दिसतं. रंगकाम करणारे त्याला फिश-आय म्हणतात. खड्डे दिसले तर निदान कळतं तरी. कधी सिलिकोन इतकं कमी असतं की रंग सपाट बसतो, छान वाळतो आणि पुढे सोलला जातो. मला जास्त भीती या दुसऱ्या प्रकाराची वाटते.

आता स्पिरिटचं. स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोटांचे ठसे आणि वरवरची घाण काढतं, सिलिकोन मात्र त्यात नीट विरघळत नाही. तुम्ही पुसता तेव्हा ते एका जागेवरून दुसरीकडे सरकतं, एवढंच. त्यासाठी गाडी रंगवणारे वापरतात तो वॅक्स आणि ग्रीस रिमूव्हर लागतो. त्याच्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर किंवा अ‍ॅसिटोन चालत नाही: अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं, पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात.

क्रम असा ठेवा आणि त्यात अदलाबदल करू नका. आधी स्विच, तारा, फोम, कापड काढून घ्या आणि भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने नायलॉनच्या ब्रशने घासा, नक्षीच्या दोन्ही दिशांनी. धुवा, पुन्हा घासा, पुन्हा धुवा. पूर्ण वाळू द्या.

मग रिमूव्हर. दोन स्वच्छ, धागे न सुटणारी कापडं घ्या, एक ओलं आणि एक कोरडं. तळहाताएवढा भाग ओल्या कापडाने भिजवा आणि द्रव उडून जाण्याआधीच कोरड्या कापडाने टिपून घ्या. सगळी गंमत या टिपण्यात आहे. द्रव जागच्या जागी वाळू दिलात तर विरघळलेलं सिलिकोन तिथेच परत बसतं आणि केलेलं काम वाया जातं. कापडाची घडी सतत पालटा, दोन-तीन घड्या वापरून झाल्या की कापड बदला. फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुतलेली कापडं चालणार नाहीत, त्यांच्यावरही एक थर असतो. संपूर्ण भाग असा निदान दोनदा करा. कधीकाळी पॉलिशने चकचकीत ठेवलेली गाडी असेल तर तीनदा.

इतकं झाल्यावरच घासायचं. ‘आधी पॉलिश पेपर मारा, मग पुसा’ असं सांगणारे तुमचं काम बिघडवतात, कारण पेपरच्या ओरखड्यांत सिलिकोन आणखी खोल जातं आणि मग ते निघत नाही. नक्षीदार भागावर पेपर मुळीच नको, नक्षीची टोकं झिजून डाग दिसतात. राखाडी स्कफ पॅड (बारीक घासणी) साबणाच्या पाण्यात बुडवून सगळीकडून सारखा फिरवा, चमक गेली की पुरे. गुळगुळीत एबीएसवर ६०० नंबरचा पेपर ओला वापरता येतो. पीपीवर खरखरीत पेपर मारलात तर बारीक तंतू उभे राहतात आणि रंगाखाली ते केसांसारखे दिसतात.

घासून, धुऊन, वाळवून झालं की पुन्हा एकदा रिमूव्हर, आणि शेवटी स्पिरिटचं एक पुसणं. स्पिरिटची जागा इथे आहे, शेवटी. यानंतर नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय भागाला स्पर्श नाही. आणि ज्या खोलीत हे करताय तिथे कोणी सिलिकोन स्प्रे, बिजागरीचं तेल किंवा फर्निचर पॉलिश फवारू नये. हवेतून आलेले सूक्ष्म थेंबही पुरतात.

पाणी शिंपडून स्वच्छता तपासायची युक्ती एबीएसवर चालते: पाणी सलग पसरलं तर साफ, थेंब गोळा झाले तर नाही. पीपीवर ती फसते, कारण स्वच्छ पीपीवरही पाण्याचे थेंबच होतात. तिथे खरी चाचणी एकच. भागाच्या पुढच्या बाजूचा, बसवल्यावर झाकला जाणारा कोपरा निवडा, त्यावर प्रमोटर आणि रंग दोन्ही मारा, एक दिवस वाळू द्या, ब्लेडने बारीक जाळी कोरा, टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंग आला तर पुन्हा सुरुवातीपासून. ही चाचणी भागाच्या मागच्या बाजूवर करू नका. तिथे कधी पॉलिश लागलेलंच नसतं, त्यामुळे ती नेहमी उत्तीर्ण होते.

बटणांवरचा किंवा हँडलवरचा रबरी थर चिकट झाला असेल तर त्यावर रंग मारून उपयोग नाही. तो थर खालून सैल होतच राहतो. स्पिरिटने भिजवून, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून पूर्ण काढा आणि मग वरचा क्रम धरा.

प्रमोटर आणि रंग

प्रमोटर पातळ मारायचा, जेमतेम ओलसर दिसेल इतका. जाड मारलात तर तो स्वतःच कमकुवत थर बनतो. वाळल्यावर तो घासू नका आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच रंग चढवा. ती वेळ टळली तर प्रमोटर पुन्हा मारावा लागतो. एबीएसला प्रमोटरऐवजी साधा प्लास्टिक प्रायमर पुरतो.

रंग इंटीरियरसाठीचाच घ्या, सॅटिन किंवा मॅट. डबा दोन मिनिटं हलवा. २० ते २५ सेंटिमीटर अंतर, फवारा भागाच्या बाहेर सुरू आणि बाहेरच बंद, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा. पहिला हात इतका हलका की खालचा रंग दिसतच राहील. तो झाकायच्या नादात दाट मारलात तर ओघळ येतात आणि नक्षी भरून जाते. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन-चार हात पुरतात. गडदावर फिका रंग मात्र जास्त हात मागतो आणि पुढे प्रत्येक ओरखड्यातून खालचा काळा डोकावतो. मी तो करू नये असंच सांगतो.

दमट हवेत काम करू नका, रंगावर पांढरट झाक येते. जागा मोकळी हवी, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला मास्क हवा. धुळीचा साधा मास्क या वाफांपुढे निरुपयोगी आहे.

सीट आणि मऊ भाग

व्हिनाइल किंवा लेदरवर वर सांगितलेला कडक रंग नको, दुमडल्यावर तडकेल. त्यासाठी लवचीक व्हिनाइल-लेदर कोटिंग मिळतं. सुरकुत्या ताणून धरा आणि अगदी पातळ हात द्या. स्वच्छतेचा नियम तोच, पण लेदरवर रिमूव्हर ओतू नका. त्याच्यासाठी बनवलेला क्लीनर वापरा.

वाळणं आणि बसवणं

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. किमान २४ तास भाग आडवा ठेवा, जमलं तर दोन दिवस, मगच क्लिपा दाबा. पूर्ण कडकपणा यायला आठवडाभर लागतो, तोवर त्यावर मोबाइलचा स्टँड चिकटवू नका की नखं लावू नका. मास्किंग टेप लावली असेल तर शेवटचा हात थोडा मऊ असतानाच, मागे दुमडून काढा. जिथे हात सतत लागतो त्या हँडलवर मॅट क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक थराचा, एक हात उपयोगी पडतो.

पुढे साफ करताना ओलं मायक्रोफायबर पुरे. सिलिकोनवालं पॉलिश पुन्हा गाडीत आणू नका, कारण कधी डागडुजी करायची वेळ आली तर सगळी स्वच्छता परत करावी लागेल. छोटा ओरखडा पडलाच तर रंग डब्याच्या झाकणात थोडा फवारा, टोकदार ब्रशने तेवढ्याच जागी टेकवा आणि वाळेपर्यंत त्याला हात लावू नका.