पेप्टाइडचे विश्लेषण प्रमाणपत्र वाचताना या चुका टाळा

संशोधनासाठी पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, मागवताना पुरवठादाराच्या विश्लेषण प्रमाणपत्रातील, म्हणजेच सीओएमधील, एकाच आकड्यावर सर्वांची नजर खिळते, आणि तो म्हणजे ‘शुद्धता ९८ टक्के’. हा आकडा खोटा असतो असे नाही, परंतु आपण त्यातून जे समजतो ते बहुतेक वेळा त्यात सांगितलेलेच नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे या ९८ टक्क्यांना वजनाचे प्रमाण मानणे. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीतील, शुद्धता ही आलेखावरील शिखरांच्या क्षेत्रफळावरून काढलेली असते. कुपीतील पाणी आणि क्षार त्या आलेखात दिसतच नाहीत. अँजिओटेन्सिन-२ या आठ अमिनो आम्लांच्या, प्रयोगशाळांत नेहमी लागणाऱ्या पेप्टाइडचे उदाहरण घेऊ. त्याचे रेणुवस्तुमान सुमारे १०४६ आहे. शुद्धीकरणात ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल वापरले जाते आणि ते रेणूच्या आम्लारिधर्मी जागांना चिकटून राहते. येथे अशा जागा तीन आहेत, साखळीचे अमिनो टोक आणि आर्जिनिन व हिस्टिडिन ही दोन अमिनो आम्ले, आणि ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाच्या एका रेणूचे वस्तुमान ११४ आहे. म्हणजे १०४६ मध्ये ३४२ मिळवले की एकूण १३८८ होतात, आणि पाणी अजिबात नाही असे धरले तरी १ मिलिग्रॅम भुकटीत प्रत्यक्ष पेप्टाइड सुमारे ०.७५ मिलिग्रॅमच असते. शुद्धता ९८ टक्के आहे म्हणून ती भुकटी तशीच तोलून द्रावण केले, तर प्रत्येक संहती चौथ्या भागाने चुकते, आणि वेगळ्या क्षाररूपातील पुढची कुपी आली की जुने निष्कर्ष जुळेनासे होतात. म्हणून ‘निव्वळ पेप्टाइड प्रमाण’ किती आणि ते कोणत्या पद्धतीने मोजले, हे लेखी मागावे. अमिनो आम्ल विश्लेषण ही त्यासाठीची विश्वासार्ह पद्धत आहे. ती माहिती मिळाली नाही, तर अँजिओटेन्सिन-२ मध्ये टायरोसिन हे प्रकाश शोषणारे अमिनो आम्ल असल्यामुळे २८० नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजून संहतीचा अंदाज आपल्यालाही घेता येतो.

दुसरी चूक म्हणजे आलेखाशिवाय आकडा स्वीकारणे. क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखावर, स्तंभ, द्रावकांचे प्रमाण, वेळ आणि तरंगलांबी नोंदलेली असावी. पेप्टाइड बंध २१४ ते २२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, तर २८० ला प्रामुख्याने ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिनच दिसतात. त्यामुळे २८० ला नोंदवलेल्या आलेखात टायरोसिन गळालेल्या तुटक साखळ्या लपून राहू शकतात, आणि शुद्धता आहे त्याहून चांगली दिसते.

मास स्पेक्ट्रमच्या, म्हणजे रेणूचे वस्तुमान दाखवणाऱ्या वर्णपटाच्या, बाबतीत गफलत उलट दिशेने होते. अपेक्षित वस्तुमान मिळाले की ओळख पटली, असे आपण धरून चालतो. अँजिओटेन्सिन-२ चा एक प्रोटॉन लागलेला आयन १०४६.५ ला आणि दोन प्रोटॉन लागलेला ५२३.८ ला दिसायला हवा, हे खरे. परंतु आयसोल्यूसिनच्या जागी ल्यूसिन बसले, एखादे अमिनो आम्ल डी-रूपात, म्हणजे आरशातील प्रतिमेसारख्या रूपात, गेले किंवा दोन अमिनो आम्लांची अदलाबदल झाली, तरी वस्तुमान तेच राहते. क्रम महत्त्वाचा असेल तर विखंडनाचा, म्हणजे एमएस-एमएसचा, वर्णपट मागावा. ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन यांतील फरक मात्र त्यातही सहसा उलगडत नाही.

प्रमाणपत्र कोणत्या लॉटचे, म्हणजे उत्पादनाच्या कोणत्या खेपेचे, आहे, हे तपासायला वेळ लागत नाही, तरीही ते राहून जाते. एकदा आम्हाला एकाच पुरवठादाराकडून आठ महिन्यांच्या अंतराने दोन लॉट मिळाले. क्रमांक आणि तारखा वेगळ्या होत्या, पण दोन्ही आलेखांतील मुख्य शिखराची वेळ तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सारखी होती आणि पायरेषेवरील बारीक खाचाही त्याच ठिकाणी होत्या. दोन स्वतंत्र चाचण्यांत असे घडत नाही. तेव्हापासून आम्ही जुनी प्रमाणपत्रे फाइलमध्ये ठेवतो आणि नवे आले की शेजारी धरून पाहतो.

‘त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासलेले’ या शब्दांनीही लगेच निर्धास्त होऊ नये. भारतात प्रयोगशाळांना आयएसओ १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता एनएबीएल हे राष्ट्रीय मंडळ देते. ती मान्यता संपूर्ण संस्थेला सरसकट नसते, ठरावीक चाचण्यांपुरती असते. म्हणून आपल्याला हवी असलेली चाचणी त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, हे पाहावे. नमुना विक्रेत्याने स्वतः पाठवला असेल, तर अहवाल त्या नमुन्याविषयी असतो. आपल्या हातातील कुपी त्याच लॉटची आहे, याची हमी प्रयोगशाळा देत नाही.

पेशीसंवर्धन करणाऱ्यांनी एंडोटॉक्सिनचा अहवाल स्वतंत्रपणे मागितलाच पाहिजे. जिवाणूंच्या आवरणातून येणारे हे दूषित द्रव्य नेहमीच्या एचपीएलसीच्या आलेखात दिसत नाही, पण त्याच्या अत्यल्प मात्रेनेही मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ-अल्फा हे दाह निर्माण करणारे प्रथिन स्रवू लागतात. मग पेप्टाइडमुळे दाह निर्माण होतो असा निष्कर्ष वहीत लिहिला जातो, आणि त्यामागे एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष खर्ची पडते. ही हानी मला सर्वांत जास्त खुपते, कारण खरेदीच्या वेळी एक प्रश्न विचारला असता तर ती टळली असती.

‘केवळ संशोधनासाठी’ हा शिक्का असलेल्या उत्पादनासोबत माणसाने घ्यायची मात्रा किंवा वजन घटवण्याची आश्वासने दिसली, तर बाकीची कागदपत्रे तपासण्याचे कारणच उरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा शिक्का लावून सेमाग्लुटाइडसारखी (हे मधुमेह आणि वजन घटवण्यासाठीचे औषध आहे) पेप्टाइडे प्रत्यक्षात माणसांसाठी विकणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रे पाठवली होती. अशी कुपी माणसाच्या शरीरात टोचण्यासाठी नसते, आणि ९८ टक्के शुद्धता म्हणजे निर्जंतुकता नव्हे.

कागदपत्रांत विसंगती आढळली तर कुपी टाकून देऊ नये. त्या लॉटची एक न उघडलेली कुपी उणे २० अंश सेल्सिअसला कोरडी ठेवावी, लॉट क्रमांक लिहून पुरवठादाराकडे यंत्रातून निघालेली मूळ नोंद मागावी, आणि उत्तर येईपर्यंत त्या लॉटवर नवा प्रयोग सुरू करू नये.