जाहीरनाम्यातलं शिक्षणाचं पान कसं वाचायचं

देशाची निवडणूक आली की प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात शिक्षणाचं एक पान असतंच, आणि ते पान कोणी धड वाचत नाही. पेन्सिल घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे.

१. आधी क्रियापदं बघा. "भर देऊ", "चालना देऊ", "प्रयत्नशील राहू" दिसलं की ती ओळ खोडून टाका. चारपाच ओळी उरल्या तरी खूप.

२. उरलेलं काम त्यांच्या हातात आहे का? कॅनडात केंद्रीय शिक्षण मंत्रालयच नाहीये, शाळा प्रांतांकडे आहेत. अशा ठिकाणी राष्ट्रीय पक्ष "शाळा सुधारू" म्हणत असेल तर पैसे देणार की नुसतं बोलणार ते विचारायचं.

३. पैसा. २०१५ च्या इंचॉन घोषणापत्रात (दक्षिण कोरियात युनेस्कोच्या शिक्षण परिषदेत ठरलेलं) जीडीपीच्या ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के शिक्षणावर, असा हिशोब दिलाय, तो हाताशी ठेवा. आणि "विक्रमी बजेट" वाचून हुरळू नका, महागाई वजा करून एका मुलामागे किती येतात ते काढा.

४. शिक्षक भरती. इथे जरा थांबा, कारण खरी मेख इथेच असते. "एक लाख शिक्षक भरू" म्हणजे नवीन जागा की रिकाम्याच भरणार, कायम की कंत्राटी, आणि तेवढ्यात निवृत्त किती होणार? अमेरिकेत टेनेसीत १९८५ पासून १३ ते १७ मुलांचे छोटे वर्ग करून बघितले, मुलं खरंच पुढे गेली. मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने घाईघाईत सगळीकडे वर्ग छोटे करायला घेतले, शिक्षक पुरेनात, आणि पूर्ण पात्रता नसलेले लोक वर्गावर उभे करावे लागले. म्हणून भरतीच्या शेजारी ट्रेनिंगची ओळ आहे का बघाच.

५. लॅपटॉप, टॅबलेट. पेरूत लाखो लॅपटॉप वाटले, नंतर तपासलं तर गणित-भाषेत फरक दिसला नाही. फोटो मात्र छान येतात.

६. दहा वर्षांच्या मुलाला साधा उतारा वाचता येतो का, यावर एक तरी ओळ शोधा. माझ्या मते बाकी सगळं याच्या नंतर. पण कॉलेजवाल्यांना मत असतं, चौथीतल्या पोराला नसतं, त्यामुळे ही ओळ बहुतेक सापडणार नाही. नसेल तर उमेदवार दारात आला की एवढंच विचारा: किती मुलांना वाचता येत नाही, आणि तुम्ही परत मत मागायला याल तेव्हा तो आकडा किती असेल?