आकड्याखाली रेघ मारा

जानेवारी २०२५. आम्ही पुण्यात, धायरीत राहतो. पेपरात जीबीएसच्या, म्हणजे हातपाय लुळे पाडू शकणाऱ्या गियाँ-बारे या नसांच्या आजाराच्या, रुग्णांचा आकडा आला की सासूबाईंचा चहा गार व्हायचा, आणि चिकन तर घरातून हद्दपारच. तेव्हापासून मी बातमी पेन घेऊन वाचते.

आधी आकड्याखाली रेघ मारा. रुग्ण ‘संशयित’ की निदान झालेले? तेव्हा दोन्ही आकडे वेगळे यायचे, पण डोळ्यांत भरायचा मोठाच. मग बघा, हा आकडा आजचा, की पहिल्या दिवसापासूनची बेरीज? बेरजेत बरे होऊन घरी गेलेलेही असतात. वहीत आजच्यातून कालचा आकडा वजा करून सासूबाईंपुढे धरला. “एवढेच?” म्हणाल्या, आणि चहा घेतला.

‘साथ’ शब्द वाचून त्या शेजारच्या काकूंनाही टाळू लागल्या होत्या. अहो, जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही. कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू दूषित पाण्यातून किंवा कच्च्या चिकनमधून पोटात जातो, आणि क्वचित कुणाला त्या संसर्गानंतर जीबीएस होतो. चिकन नीट शिजवलं की जंतू मरतो. असली कामाची ओळ बातमीच्या तळाशी सापडते, म्हणून मी वाचायला तिथूनच सुरुवात करते.

पाणी मात्र आम्ही उकळूनच प्यायलो.