साठ हजारांची पुडी आणि कमजोर मांड्या: ड जीवनसत्त्वाच्या या चुका टाळा

फिजिओथेरपीला येणारे बरेच जण हल्ली फाइलमध्ये ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट घेऊनच येतात. रिपोर्टातला आकडा तोंडपाठ असतो, पण औषध कधी आणि किती घ्यायचं ते नीट विचारून घेतलेलं नसतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आठवड्याची पुडी रोज घेणं. साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर साधारण आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची बेगमी असते. आमच्याकडे मणक्याच्या व्यायामाला येणारे एक काका एकाएकी मलूल झाले. भूक गेली, पोट साफ होईना, तहान भागेना, रात्री चार वेळा लघवीला उठायचे. घरच्यांना वाटलं, ऊन बाधलं. मी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली, तर पुड्यांची फाडलेली पाकिटं निघाली. रोज रात्री दुधातून एक! चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असं घाईघाईत खरडलेलं होतं आणि काकांच्या लक्षात राहिलं होतं फक्त ‘दुधातून घ्या’. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं. ॲडमिट करून सलाइन लावावं लागलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे पुडी थांबवली तरी ते उतरायला आठवडे, कधी महिने जातात. शिवाय कॅल्शियम असं वाढलं की स्नायू उलट ढिले पडतात. ज्या ताकदीसाठी पुडी घेतली, तीच जाते.

म्हणून मी पेशंटसमोरच प्रत्येक पाकिटावर मार्करने तारीख आणि वार लिहिते, आणि घरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी खूण करायला सांगते. घरातल्या आणखी एका माणसाला ते माहीत असलंच पाहिजे.

‘एकदाच मोठा डोस घेऊन मोकळं होऊ’ म्हणणाऱ्यांवर मला खरंच राग येतो. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिलं. २०१० साली निकाल आला, तेव्हा पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलेलं होतं. झुरिकमध्ये ज्येष्ठांना दर महिन्याला साठ हजार युनिट दिली, तर महिन्याला २४ हजार घेणाऱ्यांपेक्षा तेच जास्त पडले आणि पायांची ताकदही वाढली नाही.

दुसरी चूक, मांडीची कमजोरी गुडघ्याच्या नावावर खपवायची. एक ताई वर्षभर गुडघ्याला तेल चोळत होत्या, पट्टा बांधत होत्या. मी त्यांना पाटावर बसून उठायला सांगितलं. आधी एक हात जमिनीवर, मग दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांवर, मग हळूहळू वर. गुडघ्याचा एक्स-रे वयाच्या मानाने चांगला होता. डॉक्टरांकडे पाठवलं, तर ड जीवनसत्त्व अगदी तळाला आणि हाडांची झीज दाखवणारं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं. खऱ्या कमतरतेत कंबर, मांड्या आणि खांद्यांजवळचे स्नायू दोन्ही बाजूंनी सारखेच थकतात. चटकन आकुंचन पावणारे तंतू बारीक होतात, आणि ठेच लागली की तोल सावरतात ते तेच. जिन्यात कठडा धरावा लागतो, केस विंचरताना हात भरून येतो. उपचार आणि व्यायाम सुरू झाल्यावर ताईंना काही महिन्यांत पाटावरून हात न टेकता उठता आलं. पण महिने लागतात, हे पहिल्याच दिवशी ऐकून घ्या. दोन पुड्यांनंतर ‘फरक नाही’ म्हणून सोडून देणारे फार भेटतात.

पातळी बरी असलेल्या जिमवाल्या पोरांनी मात्र याच्या मागे लागू नये. दिल्लीतल्या निरोगी तरुणींना सहा महिने ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम देऊन झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तातली पातळी वाढली, पण स्नायूंची ताकद वाढली नाही. ताकद वजन उचलूनच येते.

कोवळ्या उन्हात बसून फारसं काही मिळत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, त्या वेळचं ऊन लागतं. बंद काचेआडचं ऊन धरूच नका.

तपासणी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच करा. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची दुसरी तपासणी खऱ्या कमतरतेतही नॉर्मल येऊ शकते. रिपोर्टातलं एकक बघा, कारण मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरमागे ५० नॅनोमोल.

पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी म्हणजे पैसे पाण्यात. तीन महिने थांबा.

थायरॉइडच्या आजाराने आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही स्नायू दुखतात. डॉक्टरांना सगळी औषधं सांगा, मुतखडा होऊन गेला असेल तर तेही.

आणि कमजोरी एकाच बाजूला असेल किंवा अचानक आली असेल, तर ड जीवनसत्त्वाचा विचारही न करता त्याच घटकेला दवाखाना गाठा.